तीस ग्रॅमचा हिशेब : स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’ प्रयोगाचं प्रकरण

अक्रोडाच्या गरात वजनाच्या साधारण ६५ टक्के तेल असतं, बदामात निम्मं. त्यामुळे एके काळी हृदयविकाराचा धोका असलेल्या माणसाला ‘हे बंद, ते बंद’ अशी जी यादी मिळायची, तिच्यात तूप, लोणी, तळण यांच्या पंगतीला सुकामेवाही बसलेला असे. वजन जास्त असेल तर बोलायलाच नको. हिशेब अगदी सरळ वाटतो. रोज ३० ग्रॅम नट्स म्हणजे १८० च्या आसपास कॅलरी, वर्षाला पासष्ट हजारांच्या वर. एक किलो चरबी म्हणजे ७,७०० कॅलरी हा नेहमीचा ढोबळ भाव लावला, तर वर्षाकाठी साडेआठ किलो आणि पाच वर्षांत चाळीस किलोंहून अधिक.

स्पेनमध्ये सुमारे अडीच हजार माणसांना नेमकं हेच करायला सांगितलं गेलं, जवळजवळ पाच वर्षं. माणसं तरुण नव्हती आणि सडपातळ तर मुळीच नव्हती. सरासरी वय ६७, सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३० च्या घरात. कॅलरी मोजा, कमी खा, चालायला जा, असं त्यांना कुणीही बजावलं नव्हतं. त्यांची वजनं चाळीस किलोंनी वाढली नाहीत, चार किलोंनीही वाढली नाहीत. सरासरी काढली तर किंचित उतरलीच.

या प्रयोगाचं नाव प्रेडिमेड. रोज मूठभर नट्स खा, हृदयाला चांगलं, हे आज जे जिकडेतिकडे ऐकू येतं, त्यामागे उभा असलेला सगळ्यात मोठा प्रयोग हाच. म्हणून तो नीट बघण्यासारखा आहे, आणि नंतर त्यात जो घोळ निघाला तोही. घोळ लहान नव्हता. २०१३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलेला हा शोधनिबंध २०१८ मध्ये मागे घ्यावा लागला होता.

आधी काय माहीत होतं

सुरुवात कॅलिफोर्नियात झाली. तिथे सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाची मोठी वस्ती आहे. सिगारेट नाही, दारू नाही, बरेच जण शाकाहारी. लोमा लिंडा विद्यापीठातल्या गॅरी फ्रेझर यांनी या पंथातल्या ३१ हजारांवर लोकांच्या खाण्याच्या नोंदी ठेवल्या आणि १९९२ मध्ये निष्कर्ष मांडला : आठवड्यातून चारपेक्षा जास्त वेळा नट्स खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण जवळपास निम्मं. पुढच्याच वर्षी तिथल्याच जुआन साबाते यांनी १८ निरोगी पुरुषांना अक्रोड घातलेला आहार देऊन त्यांचं कोलेस्टेरॉल उतरतं हे दाखवलं.

दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या, पण दोन्ही अपुऱ्या. नट्स खाणारा माणूस मुळातच जपून राहणारा, चार पैसे बाळगून असणारा, डॉक्टरकडे वेळेवर जाणारा असू शकतो. श्रेय अक्रोडाला द्यायचं की त्या माणसाच्या एकूण राहणीला, हे नुसत्या नोंदींवरून ठरत नाही. आणि कोलेस्टेरॉल उतरलं म्हणजे झटका टळलाच, असंही नाही. त्यासाठी माणसांची चिठ्ठ्या टाकून वाटणी करायला हवी, म्हणजे कोण काय खाणार हे ना त्याच्या हातात ना डॉक्टरच्या, आणि मग वर्षानुवर्षं वाट बघायला हवी. औषधांच्या बाबतीत असे प्रयोग रोज होतात, कारण गोळी विकायची असते. खाण्यापिण्याच्या बाबतीत कुणी फारसं त्या वाटेला जात नाही.

मांडणी

स्पेनमध्ये ते धाडस केलं बार्सिलोनाच्या हॉस्पिटल क्लिनिकमधल्या रामोन एस्त्रुच आणि एमिलियो रोस यांनी, पाम्प्लोनाच्या नवारा विद्यापीठातल्या मिगेल मार्टिनेझ-गोन्झालेस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ऑक्टोबर २००३ पासून २००९ पर्यंत माणसं घेतली गेली, एकूण ७,४४७. पुरुष ५५ ते ८० वयाचे, बायका ६० ते ८० च्या. हृदयविकार कुणालाच झालेला नव्हता, पण प्रत्येकाला मधुमेह तरी होता किंवा रक्तदाब, सिगारेट, वाढलेलं कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, घराण्यात हृदयविकार यांपैकी निदान तीन गोष्टी तरी होत्या.

गट तीन केले. पहिल्या दोन्ही गटांना भूमध्य सागराकाठचा पारंपरिक आहार घ्यायला सांगितला : भाज्या, फळं, कडधान्यं, मासे भरपूर, लाल मांस, लोणी, बेकरीचे पदार्थ कमी. पहिल्या गटाला वर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल फुकट, घरटी आठवड्याला साधारण एक लिटर. दुसऱ्या गटाला नट्स फुकट : रोज माणशी १५ ग्रॅम अक्रोड, साडेसात ग्रॅम बदाम, साडेसात ग्रॅम हेझलनट. तळहातावर घेतलं तर तीन-चार अख्खे अक्रोड, सहा बदाम आणि जवळपास तितकेच हेझलनट. तिसऱ्या, म्हणजे तुलनेच्या गटाला सगळ्याच प्रकारची चरबी कमी करा असा सल्ला आणि खाण्याव्यतिरिक्त काही किरकोळ भेटवस्तू.

फुकट वाटलेला खाऊ लोक खरंच खातात का, की नातवंडांना देऊन टाकतात? हा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. म्हणून काही जणांच्या रक्तात अल्फा-लिनोलेनिक आम्ल तपासलं गेलं. अक्रोडात ते भरपूर असतं, त्यामुळे खाल्ले नसतील तर रक्त सांगून टाकतं. नट्स-गटात ते वाढलेलं सापडलं.

पैशाचंही सांगायला हवं. मुख्य खर्च स्पेन सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेचा, पण अक्रोड दिले कॅलिफोर्निया वॉलनट कमिशनने, बदाम आणि हेझलनट दिले रेउस गावच्या कंपन्यांनी, तेलही उत्पादकांनीच. काही संशोधकांचे नट्स-उद्योगाच्या संस्थांशी सल्लागार म्हणून संबंध होते आणि ते निबंधात जाहीर केलेले आहेत. एवढ्यावरून निकाल खोटा ठरत नाही. पण अक्रोडाचा व्यापार करणाऱ्यांनी अक्रोड पुरवलेत, ही गोष्ट वाचताना मनात असू द्यावी. मी तरी देतो.

हृदयाचं काय झालं

२०११ मध्ये देखरेख समितीने आकडे पाहिले आणि प्रयोग थांबवायला सांगितला, कारण फरक स्पष्ट दिसत होता. तोवर सरासरी ४.८ वर्षं झाली होती. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा या कारणांनी मृत्यू अशा सगळ्या घटना मिळून २८८ : तेलाच्या गटात ९६, नट्सच्या गटात ८३, तुलनेच्या गटात १०९. सगळे फरक जमेला धरून काढलेला आकडा सांगत होता की नट्स-गटाचा धोका २८ टक्क्यांनी कमी.

२८ टक्के हा आकडा मथळ्यात शोभून दिसतो. तोच दुसऱ्या बाजूने वाचायला हवा. तुलनेच्या गटातल्या हजार माणसांमागे वर्षाला ११ जणांना अशी घटना झाली, नट्सच्या गटात आठ जणांना. म्हणजे आधीच धोक्यात असलेल्या हजार जणांनी वर्षभर रोज मूठभर नट्स खाल्ले, तर तिघांच्या बाबतीत अशी घटना टळली. कमी नाही, पण जादूही नाही.

आत आणखी डोकावलं की चित्र अजून स्पष्ट होतं. पक्षाघात तुलनेच्या गटात ५८, नट्सच्या गटात ३२. मोठा फरक आहे तो इथे. हृदयविकाराचे झटके ३८ आणि ३१. इतका फरक योगायोगानेही पडू शकतो. हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू ३० आणि ३१. आणि कुठल्याही कारणाने झालेले एकूण मृत्यू तुलनेच्या गटात ११४, नट्सच्या गटात ११६.

हा शेवटचा आकडा कुठल्याही मथळ्यात आला नाही. नट्स खाल्ल्याने या पाच वर्षांत कुणी जास्त जगलं असं प्रेडिमेडमध्ये दिसलेलं नाही. पक्षाघात टळणं हीच मोठी गोष्ट आहे, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्यांच्या घरी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण ‘बदाम खा, आयुष्य वाढवा’ हे वाक्य या प्रयोगाच्या नावावर खपवू नये.

वजनाचं काय झालं

वजनाचा निकाल नंतर स्वतंत्रपणे छापला गेला. पाच वर्षांनी तिन्ही गटांची वजनं थोडीशी उतरलेली आणि कंबर थोडीशी वाढलेली होती, जे वयानुसार होतंच. तुलनेच्या गटाशी ताडून पाहिलं तर नट्स-गटाच्या वजनात फरक होता ८० ग्रॅमचा, तोही कमीच्या बाजूने. संख्याशास्त्राच्या दृष्टीने काहीच नाही. कंबर मात्र तुलनेच्या गटापेक्षा जवळपास एक सेंटिमीटरने कमी वाढली होती.

मग ते चाळीस किलो गेले कुठे?

पहिली गोष्ट, पोट हिशेब ठेवतं. नट्समध्ये प्रथिनं, तंतू आणि तेल एकत्र असतात, ते चावायला वेळ लागतो, आणि चार वाजता मूठभर खाल्लं की रात्री पोळी एक कमी जाते. ही भरपाई पूर्ण होत नाही, पण बरीच होते. दुसरी गोष्ट अधिक गमतीची आहे. बदामाच्या पेशींच्या भिंती चिवट असतात आणि आपण कितीही चावलं तरी त्या सगळ्या फुटत नाहीत. न फुटलेल्या पेशीतलं तेल आतड्यापर्यंत जातं आणि तसंच बाहेर पडतं. अमेरिकी कृषी खात्याच्या मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथल्या केंद्रात डेव्हिड बेअर आणि जॅनेट नोव्होट्नी यांनी लोकांना मोजून बदाम खायला घातले आणि त्यांच्या मलमूत्रातली ऊर्जा मोजली. किळसवाणं काम, पण उत्तर पक्कं. २८ ग्रॅम बदामांच्या पाकिटावर १७० च्या आसपास कॅलरी छापलेल्या असतात; शरीराला मिळाल्या १२९. अक्रोडांच्या बाबतीत तूट सुमारे २१ टक्क्यांची निघाली.

त्याच केंद्राने पुढे बदामांची वेगवेगळी रूपं तपासली. अख्ख्या कच्च्या बदामातून सगळ्यात कमी कॅलरी मिळतात, भाजल्यावर थोड्या जास्त, भाजून तुकडे केल्यावर आणखी थोड्या. बदामाचं बटर करून खाल्लं तर मात्र तूट जवळजवळ संपते, पाकिटावरच्या सगळ्याच कॅलरी अंगी लागतात. जे काम दातांना पुरतं जमत नाही ते यंत्र करतं.

२०१७-१८ : आकडे जुळेनात

इंग्लंडमध्ये टॉर्की इथे जॉन कार्लाइल नावाचे भूलतज्ज्ञ आहेत. दुसऱ्यांचे आकडे तपासण्याचा त्यांना नाद. २०१७ मध्ये त्यांनी पाच हजारांवर वैद्यकीय प्रयोगांचे सुरुवातीचे तक्ते तपासले. विचार साधा होता : चिठ्ठ्या टाकून माणसं वाटली असतील तर गटागटांतल्या वयाची, उंचीची, वजनाची सरासरी एका ठरावीक मर्यादेतच वेगळी पडायला हवी. फार वेगळी पडली तर चिठ्ठ्या नीट टाकल्या नाहीत, फार सारखी आली तर कुणीतरी आकडे बसवलेत. ज्या प्रयोगांचे आकडे खटकले त्यांत प्रेडिमेड होता.

स्पॅनिश मंडळींनी मग स्वतःच्या प्रयोगाचे कागद पुन्हा उपसले, आणि त्यांना जे सापडलं ते लबाडीपेक्षा गावगाड्याच्या जास्त जवळचं होतं. एका केंद्रावर लोकांनी तक्रार सुरू केली होती : शेजारणीला फुकट तेलाच्या बाटल्या आणि आम्हाला नुसते अक्रोड, नाहीतर कसल्याशा भेटवस्तू! तिथल्या संशोधकाने वैताग टाळण्यासाठी अख्ख्या गावाला एकच गट दिला आणि वर कुणाला कळवलंच नाही. ११ दवाखान्यांतली ४६७ माणसं अशी घाऊक भावाने वाटली गेली होती. शिवाय एकाच घरातल्या दुसऱ्या माणसाला चिठ्ठी न टाकता पहिल्याच्याच गटात टाकलं होतं, असे ४२५ जण. नवऱ्याला एक जेवण आणि बायकोला दुसरं, हे कुठल्या घरात जमणार? व्यवहार म्हणून पटतं. पण मग ती चिठ्ठी राहत नाही, आणि निबंधात तर सगळ्यांची वाटणी चिठ्ठीनेच झाली असं लिहिलं होतं. आणखी एका केंद्रावरही शंका निघाली. एकूण १,५८८ माणसं, म्हणजे पाचातला एक, संशयाच्या घेऱ्यात.

जून २०१८ मध्ये मूळ निबंध मागे घेतला गेला आणि त्याच दिवशी दुरुस्त आवृत्ती त्याच नियतकालिकात आली. संशयास्पद माणसं वगळून पुन्हा गणित केलं, तरी उत्तर जवळपास तेच राहिलं. नट्स-गटाचा २८ टक्क्यांचा आकडा तसाच. फक्त भाषा उतरली. आधी लिहिलं होतं, या आहाराने हृदयविकार ‘कमी केला’; आता लिहिलं की ज्यांना हा आहार दिला त्यांच्यात प्रमाण ‘कमी होतं’.

काहींनी यावर सगळा प्रयोगच मोडीत काढला, काहींनी ‘आकडा तोच आहे ना’ म्हणून हात झटकले. मला दोन्ही पटत नाही. माझ्या मते वाटणीतल्या घोळापेक्षा दुसऱ्या दोन गोष्टी जास्त बोचणाऱ्या आहेत आणि त्या मूळ निबंधातच होत्या. एक, सुरुवातीची तीन वर्षं तुलनेच्या गटाला केवळ माहितीपत्रक मिळत होतं, तर बाकी दोन गटांना दर तीन महिन्यांनी आहारतज्ज्ञ भेटत होते. २००६ मध्ये ही चूक सुधारली, पण तोवर तुलनेच्या गटातली माणसं कंटाळून गेली असावीत : या गटातले ११.३ टक्के लोक मध्येच गळाले, बाकी दोन गटांत ४.९ टक्के. दोन, त्या गटाने चरबी फारशी कमी केलीच नाही. ३९ टक्क्यांवरून ३७ वर आली, बस. त्यामुळे ‘नट्स विरुद्ध कमी चरबीचा आहार’ असा सामना झालाच नाही. सामना झाला तो नट्स खाणारे स्पॅनिश लोक आणि न खाणारे स्पॅनिश लोक यांच्यात. वर प्रयोग वेळेआधी थांबवला, आणि असे थांबवलेले प्रयोग फायदा थोडा फुगवून दाखवतात हे आता सर्वमान्य आहे.

वजनाच्या निकालाला मात्र या सगळ्याचा फारसा धक्का लागत नाही. रोज ३० ग्रॅम नट्स खाऊन माणूस फुगत नाही, हे इतरत्रही पुन्हा पुन्हा दिसलं आहे. बार्सिलोना आणि लोमा लिंडा या दोन ठिकाणी मिळून म्हाताऱ्या माणसांना दोन वर्षं रोज अक्रोड देण्यात आले, त्यातही वजनाला विशेष काही झालं नाही.

आपल्या डब्यातले दाणे आणि काजू

प्रेडिमेडमध्ये काजू नव्हते, शेंगदाणेही नव्हते. काजूचा प्रयोग आपल्याकडेच झाला आहे. चेन्नईत डॉ. व्ही. मोहन यांच्या चमूने टाइप २ मधुमेहाच्या ३०० रुग्णांवर तो केला. एका गटाला बारा आठवडे रोज ३० ग्रॅम बिनमिठाचे काजू दिले. वजन वाढलं नाही, वरचा रक्तदाब थोडा उतरला, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढलं. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलमध्ये फरक पडला नाही. काजू म्हणजे निव्वळ कोलेस्टेरॉल, असं कोकणात काजूच्या बागा असलेली माणसंही बिनदिक्कत सांगतात. वास्तविक कोलेस्टेरॉल कुठल्याच वनस्पतिजन्य पदार्थात नसल्यात जमा. पण बारा आठवड्यांत झटके मोजता येत नाहीत, त्यामुळे त्या प्रयोगाचा अर्थ तेवढाच घ्यावा.

शेंगदाण्याबद्दल मोठ्या नोंदी आहेत, झटके मोजणारा चिठ्ठ्यांचा मोठा प्रयोग नाही. २०१५ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात अमेरिकेच्या दक्षिण भागातले बहुतांशी गरीब लोक आणि शांघायमधले स्त्री-पुरुष मिळून दोन लाखांवर माणसं होती. त्यांच्या खाण्यात नट्स म्हणजे बरेचसे शेंगदाणेच होते, आणि खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं, विशेषतः हृदयविकाराच्या मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. ‘श्रीमंत माणूसच बदाम खातो’ ही शंका इथे बरीच ढिली पडते.

आपली अडचण दुसरीकडे आहे. आपण शेंगदाणे खातो, पण चावून कमी आणि कुटून जास्त. साबुदाण्याच्या खिचडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, वर चिक्की. १९८० सालीच एका छोट्या प्रयोगात दिसलं होतं की अख्खे शेंगदाणे खाल्ले तर तेलाचा बराच भाग न पचता बाहेर जातो, पीनट बटर खाल्लं तर त्याहून खूप कमी. आपलं जाडसर कूट या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसणार. आणि कूट जेवणात मिसळलेलं असल्याने ‘आता पोट भरलं, एक पोळी कमी’ हे होत नाही. उलट कुटाने भाजी चविष्ट होते आणि पोळी एक जास्तच जाते. ज्यांना वजनाची धास्ती आहे त्यांनी खिचडीचा वाडगा मोजावा, संध्याकाळचे मूठभर भाजलेले दाणे सोडू नयेत. खारे दाणे मात्र रक्तदाबवाल्यांसाठी नाहीत. प्रेडिमेडमधला सगळा फायदा पक्षाघातात होता आणि पक्षाघाताचं मोठं कारण रक्तदाब. कडू, खवट किंवा बुरशी धरलेला दाणा तोंडात आला तर थुंकून टाकावा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि ज्यांना दाण्यांची अॅलर्जी आहे त्यांनी हे सगळं बाजूला ठेवून आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं.

स्पेनमध्ये त्याच मंडळींनी २०१३ पासून पुढचा प्रयोग हाती घेतला, प्रेडिमेड-प्लस. यावेळी ६,८७४ माणसं, सगळी जाड, सगळ्यांना चयापचयाच्या तक्रारी, आणि यावेळी उद्देशच वजन उतरवणं हा. एका गटाला रोजच्या गरजेपेक्षा सुमारे ६०० कॅलरी कमी आणि रोजचा व्यायाम. कॅलरी कापायच्या म्हणून भाकरी-पावापासून गोडापर्यंत सगळ्यावर कात्री चालली. ऑलिव्ह तेल आणि नट्स मात्र यादीत राहिले, आणि तेही पुन्हा फुकट वाटले गेले. २०२५ मध्ये मधुमेहाबद्दलचा निकाल आला : सहा वर्षांत कॅलरी कापणाऱ्या गटात नव्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी, वजन सरासरी ३.३ किलोंनी उतरलेलं. दुसऱ्या, म्हणजे कॅलरी न कापणाऱ्या गटात ०.६ किलो.